बाथरूममधील दुर्गंधीचा शोध : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये महिनाभरापासून दुर्गंधी येत आहे. ती दिवसभर टिकत नाही आणि नेमकी कोणी पाहायला आले की नाहीशी होते, त्यामुळे आतापर्यंत घरातल्या प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे उपाय करून पाहिले. आईने जंतुनाशक घालून फरशी दोनदा घासून घेतली, धाकट्या बहिणीने खिडकीत सुवासिक वड्या ठेवल्या आणि मी कमोडमध्ये ब्लीच ओतले. यांतल्या कोणत्या उपायाने काय साधले हे सांगता येत नाही, कारण वास केव्हा होता आणि केव्हा नव्हता याची नोंद कोणीच ठेवली नव्हती. म्हणून आजपासून ही वही.

वही ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवल्या. शोध संपेपर्यंत बाथरूममध्ये सुवासाची कोणतीही वस्तू राहणार नाही, आणि कोणतेही रसायन ओतले जाणार नाही. दुसऱ्या नियमामागे सुरक्षिततेचेही कारण आहे. माझे ब्लीच ओतून झाल्यावर तासाभरातच बहीण आम्लयुक्त क्लीनर घेऊन निघाली होती. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन. दुर्गंधी परवडली, पण हे दोन्ही वायू परवडत नाहीत.

३ फेब्रुवारी

जागेचे वर्णन लिहून ठेवतो, कारण पुढचा सगळा विचार यावरच चालणार आहे. बाथरूममध्ये कमोड, बेसिन व त्याखाली लहान कपाट, शॉवरखाली नहाणी ट्रॅप म्हणजे फरशीवरचे पाणी जाण्याचे जाळीचे तोंड, भिंतीवर गीझर, छताजवळ एक्झॉस्ट पंखा आणि एक लहान खिडकी आहे. सगळे सांडपाणी भिंतीबाहेरच्या एकाच उभ्या पाइपात जाते आणि तोच पाइप पुढे गच्चीच्या वर उघडा सोडलेला आहे. गच्चीवरचे हे तोंड हवेसाठी असते. वरून पाण्याचा लोंढा खाली जाताना पाइपात पोकळी तयार होऊ नये आणि त्या ओढीने घरातल्या ट्रॅपमधले पाणी खेचले जाऊ नये, यासाठी ते उघडे ठेवतात.

घर आणि गटार यांच्यामध्ये खरे दार एकच असते, आणि ते पाण्याचे असते. प्रत्येक ट्रॅपच्या वळणात थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटारातल्या हवेची वाट अडवते. यालाच प्लंबर ‘वॉटर सील’ म्हणतात. अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये एस आकाराच्या वळणाच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. तेव्हापासून आजपर्यंत या युक्तीत मूलतः फारसा बदल झालेला नाही. चांगल्या ट्रॅपमध्ये या पाण्याची खोली निदान ५० मिलिमीटर असावी अशी अपेक्षा असते.

४ फेब्रुवारी

‘वास येतो’ या दोन शब्दांत काहीच कळत नाही, म्हणून आज प्रत्येकाला वासाचे वर्णन करायला सांगितले. मला सडक्या अंड्यासारखा वास येतो. बहिणीला ‘गटाराचा’. आई मात्र म्हणाली, “अरे, एक वास नाहीच आहे तो. पहाटे सडका असतो, संध्याकाळी कुबट असतो, आणि बेसिनवर वाकलं की ओल्या फडक्यासारखा येतो.”

मी हे लिहून घेतले, पण खरे सांगायचे तर त्या वेळी याला महत्त्व दिले नाही.

सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात आणि चिकट थरात वाढणारे जिवाणू गंधकयुक्त पदार्थांपासून तो तयार करतात. माणसाचे नाक तो दहा लाख भागांत एक भागापेक्षाही कितीतरी कमी प्रमाणात ओळखते, त्यामुळे वास आला म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही. मात्र हा वायू नाकाला फसवतो. त्याच हवेत काही वेळ थांबले की वास जाणवेनासा होतो, आणि प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले तर घ्राणशक्तीच बधिर होते. बंद टाक्यांत आणि मॅनहोलमध्ये माणसे जीव गमावतात त्यामागे हेही एक कारण असते. वास थांबला म्हणजे वायू गेला असे ती धरून चालतात. आपल्या बाथरूममध्ये तेवढे प्रमाण असण्याचा प्रश्न नाही, पण यातून कामाचा एक नियम मिळाला. वासाची नोंद निदान दहा मिनिटे बाहेरच्या हवेत राहिलेल्या माणसाने आणि आत शिरताक्षणी करायची. प्रमाण शून्य ते तीन आकड्यांत लिहायचे.

९ फेब्रुवारी

पाच दिवसांच्या नोंदी जमल्या. पहाटे पावणेसहाला बहीण सर्वांत आधी आत जाते, तेव्हा रोज ३. सगळ्यांच्या अंघोळी आटोपून साडेआठला १. दुपारी बारा आणि चार वाजता शून्य, पाचही दिवस. संध्याकाळी सातनंतर पुन्हा १ किंवा २. सुट्टीच्या दिवशी अंघोळी उशिरा झाल्या, आणि त्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत ३ कायम होता.

इतका नियमित आलेख पाहून फार समाधान वाटले. रात्री काहीतरी होते, एवढेच शोधायचे, असे मी या पानाच्या समासात लिहिले आहे. ते वाक्य खोडत नाही. पुढचे आठ-दहा दिवस त्यानेच वाया घालवले.

१० फेब्रुवारी

सोपे संशयित आधी निकालात काढले. गीझरच्या टाकीत गंज टाळण्यासाठी मॅग्नेशियमचा दांडा बसवलेला असतो, आणि पाण्यात गंधक खाणारे जिवाणू असले तर त्या दांड्यामुळे गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येऊ शकतो. म्हणून गीझरचे पाणी बादलीत भरून गच्चीवर नेले आणि तिथे वास घेतला. काही नाही. बाथरूममध्येच बादलीवर वाकून वास घेतला असता तर तो पाण्याचा की खोलीचा हे कळले नसते. गीझर सुटला.

बेसिनच्या कडेखाली, पाणी काठावरून सांडू नये म्हणून ठेवलेल्या भोकात बाटली धुण्याचा बारीक ब्रश घातला, तेव्हा करड्या रंगाचा, शेवाळासारखा लिबलिबीत थर बाहेर आला. या भोकाची वाट ट्रॅपच्या आधीच निचऱ्याला मिळते, म्हणजे तिथून गटाराची हवा येऊ शकत नाही. पण तिच्यातून पाणी क्वचितच जात असल्यामुळे साबण, थुंकी आणि त्वचेचे कण तिथे साचून राहतात. गरम पाणी आणि ब्रश यांनी ती वाट साफ केली. आईचा ‘ओल्या फडक्याचा’ वास त्याच संध्याकाळी गेला. पहाटेचा ३ तसाच राहिला.

१३ फेब्रुवारी

आता पद्धतशीरपणे एकेक तोंड बंद करून पाहण्याचे ठरवले. जाड प्लास्टिकचा तुकडा आणि रुंद चिकटपट्टी घेऊन पहिल्या रात्री फक्त नहाणी ट्रॅप बंद केला. दुसऱ्या रात्री तो उघडून फक्त बेसिन बंद केले, म्हणजे निचऱ्याचे तोंड आणि वरचे भोक दोन्ही. तिसऱ्या रात्री बाकी सर्व उघडे ठेवून फक्त कमोडवर प्लास्टिक ताणून बसवले.

बहिणीच्या पहाटेच्या नोंदी अशा : ट्रॅप बंद असताना २, बेसिन बंद असताना ३, कमोड बंद असताना ३.

एकाही रात्री वास थांबला नाही. पहिल्या रात्रीचा २ मी नाकाच्या लहरीवर सोडून दिला. तीनही तोंडे निर्दोष आहेत, तेव्हा दोष कमोडच्या तळाच्या सांध्यात असणार असा निष्कर्ष काढला, कारण तो सांधा फरशीवर असतो आणि वरून ताणलेल्या प्लास्टिकने तो झाकला जात नाही.

१५ फेब्रुवारी

कमोडच्या टाकीत निळा रंग घातला, तळाभोवती कोरडा टिश्यू कागद पसरला आणि पाच वेळा फ्लश केले. कागद कोरडा राहिला. कमोडवर बसून दोन्ही बाजूंना जोर देऊन पाहिला. तो हलत नाही.

१७ फेब्रुवारी

प्लंबर येऊन गेला. त्याने पहिल्या दहा मिनिटांत संपूर्ण फरशी उकरण्याचा सल्ला दिला. तो मी मान्य केला नाही. मग मी रंगाची चाचणी सांगितल्यावर तो म्हणाला, “साहेब, पाणी धरतं म्हणजे हवा धरतं असं नाही.” हे म्हणणे मला पटले, आणि ते बरोबरही आहे. पाणी उताराने खाली जाते, हवा मात्र बारीक फटीतूनही वर येते. कमोड उचलला, जुना सांधा खरवडला, नवे रबरी सील घालून तो पुन्हा बसवला आणि कडा बंद केल्या. जुन्या सांध्यात फट अशी दिसली नाही. सगळा दिवस गेला.

१८ फेब्रुवारी

पहाटे पावणेसहा : ३.

२१ फेब्रुवारी

दोन दिवस वही उघडली नाही. आज पहिल्या पानापासून पुन्हा वाचताना दोन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली तर्काची आहे. गळक्या बादलीला एकच भोक असेल तर एकेक भोक बोटाने दाबून दोषी भोक सापडते. पण भोके दोन असतील तर कोणतेही एक दाबले तरी बादली गळतच राहते, आणि तपासणारा दोन्हींना निर्दोष ठरवून मोकळा होतो. माझी १३ तारखेची चाचणी याच चुकीची होती. आधी सगळी तोंडे बंद करून वास शून्यावर आणायला हवा होता, आणि मग एकेक उघडायला हवे होते. त्या रात्रीचा २ ही लहर नव्हती, अर्धे उत्तर होते.

दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटावी अशी आहे. आमच्या बाथरूमचा दिवा आणि एक्झॉस्ट पंखा एकाच बटणावर आहेत. दिवसा खिडकीतून उजेड येतो, त्यामुळे दिवा लागत नाही, म्हणजे पंखाही लागत नाही. पहाटे आणि संध्याकाळी दिव्याबरोबर पंखा आपोआप सुरू होतो. याचा अर्थ माझ्या आलेखात ‘रात्र’ म्हणून जे दिसत होते त्यात दोन गोष्टी मिसळल्या होत्या. एक म्हणजे रात्रभर बाथरूम न वापरणे, आणि दुसरी म्हणजे पंखा. अंधारात पंखा बंद ठेवून या बाथरूमचा वास आजवर कोणी घेतलेलाच नाही.

पंख्याचे काम हवा बाहेर फेकणे हे आहे, पण जेवढी हवा तो बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. दार-खिडकी बंद असेल तर ती दाराखालच्या फटीतून येते, आणि एखादा ट्रॅप कोरडा असेल तर गटारातूनही. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत २००३ साली सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा तपासात हीच जोडी पुढे आली होती : बाथरूमच्या फरशीतले पाणी सुकलेले ट्रॅप आणि त्यांतून दूषित हवा खेचणारे एक्झॉस्ट पंखे. मी हे पूर्वी वाचले होते. वापरायची वेळ आली तेव्हा आठवले नाही.

२२ फेब्रुवारी

रात्री नहाणी ट्रॅप, बेसिनची दोन्ही तोंडे आणि कमोड, सगळे बंद केले. पहाटे बहीण टॉर्च घेऊन आत गेली, दिवा लावला नाही. नोंद : ०. महिन्याभरातला पहाटेचा पहिला शून्य. मग तिने बटण दाबले आणि बाहेर येऊन दहा मिनिटांनी पुन्हा आत गेली. नोंद : २.

म्हणजे दिसणारी सगळी तोंडे बंद असतानाही पंखा कुठून तरी गटाराची हवा आणतो. आम्ही बंद न केलेले एक तोंड या खोलीत आहे.

२३ फेब्रुवारी

आज पहाटे फक्त नहाणी ट्रॅप उघडा, बाकी बंद, पंखा बंद. नोंद : २, आणि वास सडका. पंखा लावल्यावर ३. ट्रॅपच्या जाळीवर टिश्यू कागदाची बोटभर रुंदीची पट्टी धरली, तर पंखा सुरू असताना ती वरच्या दिशेने फडफडली. पाण्याने बंद असलेल्या तोंडावर असे होत नाही.

दोन दोष आहेत, हे आता नक्की झाले. एक नहाणी ट्रॅपमध्ये आहे आणि तो पंख्याविनाही वास सोडतो. दुसरा अज्ञात आहे आणि पंख्याच्या ओढीनेच जागा होतो. आईने ४ तारखेला सांगितलेले सडका आणि कुबट हे दोन वास म्हणजे हेच दोन दोष. तिची त्या दिवशीची वाक्ये मी वहीत लाल पेनाने अधोरेखित केली आहेत.

२४ फेब्रुवारी

नहाणी ट्रॅपची जाळी काढून आत पाहिले. हा ट्रॅप घंटेच्या पद्धतीचा आहे. खालच्या भांड्याच्या मध्यातून एक आखूड उभी नळी वर येते, आणि तिच्यावर उलटी वाटी बसते. भांड्यात नळीच्या काठापर्यंत पाणी साचते, वाटीची कड त्या पाण्यात बुडालेली राहते आणि हवेची वाट अडते. रचना सुटसुटीत असली तरी सील उथळ असते. वाटी काढली की सील संपतेच, आणि सफाई करणारा ती परत बसवायला विसरतो. अनेक ठिकाणच्या प्लंबिंग नियमांत घंटा-ट्रॅपला मनाई आहे. आमच्या ट्रॅपमध्ये वाटीची कड नळीच्या काठाच्या फक्त ३० मिलिमीटर खाली येते, म्हणजे पाणी तेवढे उतरले की दार उघडे.

एका चपट्या लाकडी पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा केल्या आणि वाटीच्या बाजूने ती पाण्यात सोडून पातळी मोजली. सकाळी सव्वाआठला, शेवटच्या अंघोळीनंतर, भांडे काठोकाठ. दुपारी बाराला पाणी ९ मिलिमीटर उतरलेले. चारला १७, रात्री आठला २३, मध्यरात्री २८.

२५ फेब्रुवारी

पहाटे पाच वाजता : ३१ मिलिमीटर. सील तुटले होते. पाऊण तासाने बहीण आत जाते तेव्हा ३ का असतो, अंघोळी सुरू झाल्या की तो का उतरतो आणि सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत का टिकतो, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर या एका आकड्यात आहे.

पण पाणी जाते कुठे? चार शक्यता लिहिल्या. बाष्पीभवन, कमोड किंवा बेसिनच्या लोंढ्याने होणारी ओढ, भांड्याला तडा, किंवा आणखी काही. ओढीचा संशय लगेच फिटला. कमोड लागोपाठ तीनदा फ्लश केला आणि भरलेले बेसिन एकदम सोडले. ट्रॅपमधले पाणी हिंदकळले, पण पातळी जेमतेम १ मिलिमीटर उतरली. शिवाय ओढीने पाणी एका क्षणात जाते, असे दिवसभर थेंबाथेंबाने नाही. बाष्पीभवनासाठी आज दिवसभर तोंडावर प्लास्टिक लावून ठेवले आहे, मोजण्यापुरते उघडायचे.

२६ फेब्रुवारी

प्लास्टिक लावूनही पहाटे पाचला २९. म्हणजे बाष्पीभवनाचा वाटा फार तर दोन मिलिमीटरचा. उरला तडा, आणि तडा असेल तर प्लंबरचा फरशी उकरण्याचा सल्ला खरा ठरणार या विचाराने मी दुपारभर अस्वस्थ होतो.

संध्याकाळी हातमोजे घालून वाटी उचलली. उभ्या नळीच्या काठावर केसांचा एक पुंजका अडकला होता, करंगळीएवढा जाड, साबणाच्या राखाडी चिकट्याने एकत्र वळलेला. त्याचे एक टोक भांड्यातल्या पाण्यात होते आणि दुसरे काठावरून नळीच्या आत खाली लोंबत होते. टॉर्च धरून पाहिले, तर त्या लोंबत्या टोकाला एक थेंब जमत होता. तो फुगला, टोकाशी क्षणभर थरथरला आणि खाली गटारात पडला. मी घड्याळ लावून बसलो. साधारण अकरा सेकंदांनी पुढचा थेंब.

दिव्यातली वात तेल वर खेचते तशीच ही वात पाणी खेचत होती. बारीक केसांमधल्या फटींतून पाणी केशाकर्षणाने काठापर्यंत चढत होते, आणि बाहेरचे टोक आतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे एकदा सुरू झालेला प्रवाह थांबत नव्हता. पातळी उतरत गेली तशी चढण वाढत गेली. मोजमापांत दुपारी पाणी भराभर आणि रात्री सावकाश उतरताना दिसते, ते यामुळे. भांडे कोरडे पुसून आतून तपासले. तडा नाही. पुंजका काढला, काठ ब्रशने घासला, वाटी धुऊन परत बसवली आणि भांडे भरले.

आईला पुंजका दाखवला. ती बहिणीकडे पाहून हसली. बहीण म्हणाली, “दादा, त्यातले अर्धे पांढरे आहेत, हेही वहीत लिही.” लिहिले.

२७ फेब्रुवारी

सकाळी सव्वासहा, भांडे भरल्यापासून अकरा तास : उतार १ मिलिमीटर. पंखा बंद असताना वास ०. पंखा लावल्यावर दहा मिनिटांनी १ ते २, कुबट.

१ मार्च

दुसरा दोष दिसण्याच्या जागी नाही, म्हणून पेपरमिंटची जुनी चाचणी करायची ठरवली. उभ्या पाइपाच्या वरच्या तोंडातून पेपरमिंट तेल आणि मागोमाग गरम पाणी ओततात, वरचे तोंड बंद करतात आणि घरात कुठे पेपरमिंटचा वास येतो ते शोधतात. प्लंबिंगच्या नियमावल्यांत एका उभ्या पाइपासाठी दोन औंस, म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर तेल आणि साडेनऊ लिटर गरम पाणी असे प्रमाण दिलेले आढळते. आमच्याकडे लहान बाटली होती, तिच्यात २० मिलिलिटर. चाचणीची सर्वांत महत्त्वाची अट अशी की, तेल ओतणाऱ्याने घरात पाऊलही टाकायचे नाही, कारण त्याच्या हातांना आणि कपड्यांना लागलेला वास सगळी चाचणी बिघडवतो.

म्हणून मी बाटली न उघडता गच्चीवर गेलो. पाइपाच्या टोपीच्या जाळीत थोडा पाला होता, तो काढला. वाट बंद झालेली नव्हती. तेल ओतले, गरम पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या, तोंडावर ओले फडके घट्ट बांधले. खाली नहाणी ट्रॅप आणि कमोड प्लास्टिकने बंद, पंखा सुरू, दार-खिडकी बंद, आणि आत बहीण. अर्धा तास घरात कोणीही पाणी सोडायचे नाही अशी ताकीद दिली होती, कारण हवेचे तोंड बांधलेले असताना सोडलेले पाणी ट्रॅप खेचू शकते.

सात मिनिटांनी फोन आला. “दादा, आला. बेसिनच्या खाली, कपाटात. दार उघडलं तर डोळ्यांत गेल्यासारखं झालं.”

मला खाली जाऊन पाहण्याची अनिवार इच्छा झाली, पण फडके सोडून, हात धुऊन, शर्ट गच्चीवरच काढून ठेवून अर्ध्या तासाने खाली उतरलो.

२ मार्च

कपाटात बेसिनचा ट्रॅप व्यवस्थित आहे, पाण्याने भरलेला आहे. त्याच्या पुढे ३२ मिलिमीटरचा पाइप भिंतीत जातो आणि तिथे शोभेची पांढरी चकती बसवलेली आहे. चकती सरकवल्यावर मागचा प्रकार दिसला. भिंतीतला पाइप ५० मिलिमीटरचा आहे, आणि बारीक पाइप त्याच्यात नुसता खुपसलेला आहे. मधली गोलाकार फट पूर्वी कधीतरी पुट्टीने भरली होती. ती वाळून, आकसून, एका बाजूने गळून पडली होती, आणि त्या जागी करंगळीचे टोक आत जाईल एवढी मोकळी वाट होती. ही वाट ट्रॅपच्या पुढे आहे, म्हणजे ट्रॅप कितीही भरलेला असला तरी तिला अडवणारे काहीच नाही. १३ तारखेला बेसिनची दोन्ही तोंडे मी निगुतीने बंद केली, ती खरे तर आधीपासूनच सुरक्षित असलेली बाजू होती.

इथून पाण्याचा थेंबही कधी बाहेर आला नाही, कारण पाणी उताराने आत जाते. पाणी धरते म्हणजे हवा धरते असे नाही, हे वाक्य आमच्या प्लंबरने चुकीच्या सांध्याकडे बोट दाखवून, पण बरोबर उच्चारले होते.

४ मार्च

दुरुस्ती. जुनी पुट्टी खरवडून दोन्ही पाइप कोरडे केले आणि ३२ ते ५० मिलिमीटरची रबरी कॉलर बसवली. सिलिकॉन भरून टाकणे सोपे होते, पण ट्रॅप साफ करण्यासाठी हा पाइप वर्षातून एक-दोनदा काढावा लागणार. दर वेळी सिलिकॉन कापावे लागले तर कोणीतरी कंटाळून ते पुन्हा भरणार नाही आणि आपण आज आहोत तिथेच परत येऊ. कॉलर हाताने निघते आणि हाताने बसते. पंखा लावून सांध्याभोवती कागदाची पट्टी फिरवली. ती कुठेही हलली नाही.

नहाणी ट्रॅपबाबत अजून निर्णय झालेला नाही. घंटा-ट्रॅप काढून ५० मिलिमीटर सीलचा खोल ट्रॅप बसवणे हा योग्य उपाय आहे, पण त्यासाठी ट्रॅपभोवतीच्या तीन-चार फरश्या फोडून खालचा जलरोधक थर पुन्हा करावा लागेल. ते काम पुढे जेव्हा फरशी बदलेल तेव्हाचे. तोपर्यंत जाळीखाली बारीक छिद्रांची केस अडवणारी चाळणी ठेवली आहे आणि आठवड्यातून एकदा वाटी उचलून काठ पुसायचा आहे. सगळे गावाला जाणार असलो तर भांडे भरून पाण्यावर चमचाभर खनिज तेल सोडायचे, म्हणजे बाष्पीभवन मंदावते.

दिवा आणि पंखा यांची बटणे वेगळी करण्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलावले आहे.

१० मार्च

सहा दिवसांच्या पहाटेच्या नोंदी : ०, ०, ०, १, ०, ०. ८ तारखेच्या पहाटेचा १ कशाचा याचा शोध घेतला, तर बहिणीने ओला टॉवेल दाराआड टांगून ठेवला होता.

१६ मार्च

चाळणीतून बारा दिवसांत निघालेल्या केसांचा पुंजका त्या जुन्या वातीच्या जवळजवळ निम्मा आहे. वाटी उचलून पाहिली. नळीचा काठ स्वच्छ आहे. काल सकाळी आठ ते आज सकाळी सहा, म्हणजे बावीस तासांत, पाणी २ मिलिमीटर उतरले.

मोजपट्टी दाराआड खिळ्याला टांगली आहे. पुढचे मोजमाप २३ मार्चला. ते आई घेणार आहे.